‘चित्रं काढून पोट भरते काय?’ : सृजनशीलता आणि रोजीरोटी



पालक सभेत एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो. कोणीतरी बाप मुलाची वही घेऊन येतो. गणिताच्या वहीची मागची दहा पानं चित्रांनी भरलेली असतात. बैल, बंडी, कापसाची बोंडं, कधी वर्गशिक्षकांचं नाक. वही टेबलावर ठेवून ते म्हणतात, "सर, याले सांगा जरा. चित्रं काढून पोट भरते काय?"

खरं सांगतो, काही वर्षांपूर्वी अशीच एक वही मी स्वतः जप्त केली होती. वर्गात सगळ्यांसमोर दाखवून हसलोही होतो. तो मुलगा पुढे शाळेत चित्र काढताना कधी दिसला नाही. आज तो मोठा झाला आहे आणि गावोगावच्या शाळांच्या ‘बोलक्या भिंती’ रंगवतो. मुळाक्षरं, पाढे, नकाशे, फळं, प्राणी अशी चित्रं काढून तो घर चालवतो. मागे भेटला तेव्हा त्याने वहीचा विषय काढला नाही, पण मला मात्र ती आठवली. हा लेख त्या वहीमुळे लिहितो आहे.

बापाचा प्रश्न चुकीचा नाही. आपला मारेगाव तालुका कापूस-सोयाबीनवर जगणारा. पाऊस रुसला की घरातला एकेक रुपया मोजून खर्च होतो. अशा घरात ‘मुला, तुझ्या आवडीचं कर’ असं नुसतं म्हणणं सोपं आहे, निभावणं कठीण. म्हणून त्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर शोधू. त्यात दोन वेगळे प्रश्न आहेत. सृजनशीलता वाढते कशी, हा पहिला. तिच्यातून भाकरी मिळते कशी, हा दुसरा. आपण दोन्हींची गल्लत करतो, तिथेच घोटाळा होतो.

सृजनशीलता म्हणजे काय?

सोप्या शब्दांत सांगायचं तर जवळ आहे त्यातून नवं आणि उपयोगाचं किंवा सुंदर असं काही घडवणं म्हणजे सृजनशीलता. नुसतं नवं पुरत नाही, ते कोणाच्या तरी कामी यावं किंवा मनाला भिडावं.

ही देणगी फक्त शहरातल्या, मोठ्या घरच्या लोकांना मिळते असं समजू नका. आपल्या भागातल्या कोलाम पोडावर जाऊन बघा. वेळूच्या कामट्या काढून टोपली, सूप, परडी विणणारे हात कागदावर आकृती न काढता गोल, तळ आणि काठ यांचं गणित बरोबर जमवतात. दंडार, ढेमसा नाचणाऱ्यांची पावलं कोणत्या नृत्यवर्गात तयार झालेली नाहीत. गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात खंजिरी वाजवणारा माणूस दिवसा शेतात राबलेला असतो. कला आपल्याकडे आहे. आपण तिला ‘काम’ म्हणत नाही, एवढंच.

सुचतं कसं? चार पायऱ्या

ग्रॅहम वॉलस नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १९२६ साली एका पुस्तकात सृजनाच्या चार पायऱ्या सांगितल्या. आपल्या भाषेत त्या अशा:

१. तयारी: विषयाची माहिती गोळा करणं, बघणं, सराव करणं.
२. मुरवण: काम थोडं बाजूला ठेवणं. लोणचं मुरतं तसा विचार आतल्या आत मुरतो.
३. सुचणं: सायकल चालवताना, विहिरीवर, झोपेतून उठताना एकदम उत्तर सापडतं.
४. पडताळणी: जे सुचलं ते खरंच जमतं का, हे करून बघणं आणि दुरुस्त करणं.

आपल्याला तिसरी पायरी तेवढी दिसते. ‘त्याला कसं पटकन सुचलं!’ असं आपण म्हणतो. पण पेरणी न करता वेचणीला कोणी जात नाही. पहिली आणि चौथी पायरी म्हणजे निव्वळ मेहनत आहे.

यवतमाळशी नातं असलेलं एक उदाहरण घ्या. १९७३ साली यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. त्यांचं ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालं. एकूण ५६ गीतं, आणि प्रसारण आठवड्याला एकेक गीताचं. म्हणजे ‘आज सुचत नाही’ म्हणायला जागाच नव्हती. सुधीर फडके यांना चाल लावायची होती, गायकांना बसवायचं होतं. लोक ठरलेल्या वेळी रेडिओपाशी बसणार होते. प्रतिभा मोठी होतीच, पण तिला वारंवार एका ठरलेल्या दिवशी कामाला लावलं गेलं, हेही तेवढंच खरं.

सृजनशीलता जोपासायची कशी?

यासाठी महागडे रंग किंवा मोबाइल लागत नाही. चार सवयी पुरतात.

निरीक्षणाची वही ठेवा. रोज एक गोष्ट टिपा. आठवडी बाजारात भाजीवाली मावशी गिऱ्हाईक कसं थांबवते, बैलाच्या पाठीवर बगळा कसा बसतो, आजी कोणता जुना शब्द वापरते. चित्रात टिपा, शब्दांत टिपा, कसंही.

साहित्य कमी असलं तरी अडू नका. जिव्या सोमा मशे यांचं नाव ऐकलंय? डहाणू भागातले वारली चित्रकार. लहानपणी आई गेली आणि त्या मुलाने बोलणंच सोडलं. तो मातीत बोटाने चित्रं काढून आपलं म्हणणं सांगायचा. वारली चित्रं मुळात लग्नघरच्या भिंतीवर बायका काढत, मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. रंग एकच, पांढरा. आकार तीन-चार, गोल, त्रिकोण, चौकोन आणि रेघ. एवढ्या सामानावर मशे यांनी जाळ्यातले मासे, वारूळ, भातशेती, गावची वर्दळ असं सगळं जग उभं केलं. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. पण लग्नाच्या भिंतीवरची ती कला कागदावर, कापडावर आली आणि आज अनेक वारली घरांना तिचा आधार आहे.

पुन्हा पुन्हा करा. पहिली टोपली वाकडीच होते. दहावी जरा बरी होते. पहिली कविता कोणाच्या तरी कवितेसारखीच होते. घाबरू नका, नक्कल ही शिकण्याची पहिली इयत्ता आहे. फक्त तिथेच बसून राहू नका, आणि दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवू नका.

दाखवा आणि ऐकून घ्या. ‘छान आहे’ एवढंच म्हणणाऱ्यापेक्षा ‘या बैलाचा मागचा पाय चुकला’ म्हणणारा माणूस जास्त कामाचा. पालकहो, तुमच्यासाठी यात एक विनंती आहे. मुलाने चित्र दाखवलं तर लगेच ‘याचे किती मार्क?’ असं विचारू नका. ‘हे कोणतं झाड रे?’ असं विचारा. पोरगं बोलायला लागेल.

आता भाकरीचा प्रश्न

आधी एक कडू गोष्ट. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरचा. त्यांनी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिक्षण घेतलं, पुढे छायाचित्रण केलं, पुरातत्त्व खात्यात नकाशे-चित्रं काढली, छापखाना चालवला. मग ‘आपणही सिनेमा काढायचा’ हे डोक्यात बसलं. भांडवल कोण देणार? त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, १९१२ मध्ये लंडनला जाऊन तंत्र शिकले आणि कॅमेरा आणला. पैसे लावणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून आधी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं रोप कसं वाढतं याची छोटीशी फिल्म केली. ती बघून पैसा उभा राहिला. स्त्री भूमिकेला कोणी बाई तयार होईना, तेव्हा अण्णा साळुंके नावाच्या स्वयंपाक्याला तारामती केलं. पत्नी सरस्वतीबाई सगळ्या माणसांचा स्वयंपाक करत आणि फिल्मच्या कामातही हातभार लावत. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

हा माणूस शेवटी सुखात गेला असेल, असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. बोलपट आले, काळ बदलला. १९४४ मध्ये नाशिकला ते गेले तेव्हा हातात फारसं काही नव्हतं. ज्यांच्या नावाने आज देशाचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार दिला जातो, त्यांची ही गत.

यातून दोन धडे घ्या. वाटाण्याचं रोप हा पहिला. मोठं काम मागण्याआधी छोटा नमुना करून दाखवा. दुसरा धडा असा की उत्तम कलाकार असणं आणि कलेचा धंदा सांभाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्टही शिकावीच लागते.

आपल्या शेजारचा धडा : झाडीपट्टी

वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो. तिथून पुढे गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा सगळा भाग म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीनंतर धान घरात येतं आणि गावोगाव नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो. मंडई किंवा शंकरपट असला की रात्री नाटक हवंच. नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटेपर्यंत रंगतं. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटक कंपन्यांचं मोठं केंद्र.

हे सगळं बाहेरच्या मदतीशिवाय कसं चालतं? गावचं मंडळ कंपनीशी बोलणी करून प्रयोग ठरवतं. तिकीटविक्री मंडळ करतं. नटांना, वादकांना, नेपथ्यवाल्यांना प्रयोगागणिक मानधन मिळतं. लोक तिकीट काढून येतात, कारण नाटक त्यांच्या बोलीत, त्यांच्या सुखदुःखाबद्दल असतं. पावसाळ्यात यातले बरेच कलावंत शेती करतात. गडचिरोलीचे परशुराम खुणे हे या रंगभूमीचे ज्येष्ठ नट. त्यांनी शेकडो भूमिका आणि हजारो प्रयोग केले. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बघा, ‘कला की शेती’ असा एकच पर्याय निवडायचा प्रश्न तिथे आलाच नाही. दोन्हींचे हंगाम वेगळे, म्हणून दोन्ही निभतात. कलेतून जगणारी पुष्कळ माणसं अशीच दोन पायांवर उभी असतात. शिक्षक-कवी, शिंपी-नेपथ्यकार, शेतकरी-नट. पहिली काही वर्षं तरी दुसरा पाय जमिनीवर ठेवा. यात कमीपणा काही नाही.

किंमत कशी काढायची? एक गणित

आपल्याकडचे कारागीर इथेच मार खातात. समजा, तुम्ही वेळूची एक दिव्याची शेड केली. (आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत.)

वेळू ६० रुपये, पॉलिश आणि वायर २० रुपये, गाडीभाडं व खराब गेलेल्या मालाचा वाटा ४० रुपये. म्हणजे खर्च झाला १२० रुपये. वेळ लागला ६ तास. ताशी ६० रुपये मजुरी धरली तर ३६० रुपये. एकूण ४८० रुपये.

गिऱ्हाईक म्हणतं, "अडीचशेला दे." तुम्ही देऊन टाकता, वाटतं विकली तरी गेली. आता मोजा. २५० मधून १२० खर्च वजा केला तर उरले १३० रुपये. भागिले ६ तास. ताशी २२ रुपयेही पडले नाहीत. त्यापेक्षा निंदणाला गेलेलं परवडलं असतं.

आणखी एक. शहरातला दुकानदार म्हणतो, "विक्रीवर ३० टक्के माझे." मुलं ४८० वर ३० टक्के वाढवतात आणि किंमत ६२४ ठेवतात. पण ६२४ चे ३० टक्के म्हणजे १८७ रुपये तो घेणार, तुमच्या हाती ४३७ येणार. ४३ रुपयांची खोट! बरोबर रीत अशी: ४८० भागिले ०.७, म्हणजे साधारण ६८६ रुपये. शेकडेवारी कशाला शिकायची, असं विचारणाऱ्यांनी हे उदाहरण वहीत उतरवून घ्यावं.

आणि ६८६ ला ती शेड कोणी घेत नसेल तर? मग रडण्यापेक्षा विचार करा. वेळ कमी करता येईल का? नक्षी अशी बदलता येईल का की गिऱ्हाईक आनंदाने जास्त देईल? दुसरी वस्तू करावी का? हा विचारसुद्धा सृजनच आहे.

‘नाव होईल तुझं’ : हक्काची गोष्ट

‘पैसे काय मागतोस, तुझं नाव होईल ना!’ हे वाक्य प्रत्येक होतकरू कलाकार ऐकतो. ओळखीच्यांचं एखादं काम प्रेमाने फुकट करा, हरकत नाही. पण ते तुम्ही ठरवा, समोरच्याने नव्हे. काम घेताना चार ओळी कागदावर लिहा: काय करायचं, कधीपर्यंत, किती पैसे, आगाऊ किती. मोबाइलवरच्या मेसेजमध्ये लिहून घेतलं तरी काहीच नसण्यापेक्षा बरं.

कायद्याचीही थोडी ओळख असू द्या. कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. तुम्ही लिहिलेली कथा, कविता किंवा स्वतःहून काढलेलं चित्र तयार होताच तुमचा हक्क सुरू होतो. नोंदणी सक्तीची नाही, पुरावा म्हणून मात्र उपयोगी पडते. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. किती वर्षांसाठी हे लिहिलं नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो. हक्क विकला तरी ‘हे माझं काम आहे’ असं सांगण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो. एक खाच लक्षात ठेवा. कोणी पैसे देऊन फोटो किंवा व्यक्तिचित्र करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक ते करून घेणारा ठरतो. नोकरीत केलेल्या कामाचंही साधारण तसंच असतं. म्हणून सही करण्याआधी वाचा.

शाळेपासून पुढे वाट कोणती?

- चित्रकलेची आवड असेल तर शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षा द्या. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात: अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. शास्त्रीय नृत्य-गायन, लोककला यांसाठीही सवलत आहे. प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जायला हवा.
- बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन कला पदवीला जाता येतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय कला महाविद्यालयं आहेत. आपल्याला नागपूर जवळचं. उपयोजित कला शिकलात तर जाहिरात, पुस्तकांची मांडणी, वेष्टनं अशी कामं मिळतात.
- वेळूकामासाठी चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. घरची कला असेल तर तिला नव्या वस्तूंची जोड तिथे मिळू शकते.
- अठरा वर्षं पूर्ण झालेल्या पारंपरिक कारागिरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. टोपल्या-चटया विणणारे, कुंभार, मूर्तिकार, खेळणी करणारे असे १८ व्यवसाय त्यात येतात. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत विनातारण कर्ज अशी तरतूद आहे. पण कर्ज हे कर्जच असतं. वरचं किंमतीचं गणित जमल्याशिवाय घेऊ नका.

मग उत्तर काय?

‘चित्रं काढून पोट भरते काय?’ तर नुसती चित्रं काढून भरेलच असं नाही. चित्र उत्तम काढता येणं, वेळेवर देता येणं, त्याची किंमत सांगता येणं आणि वाईट दिवसांसाठी दुसरा आधार ठेवणं, हे चारही जमलं तर भरतं. आणि समजा पुढे तुम्ही शेतकरी, परिचारिका, दुकानदार झालात, तरी निरीक्षणाची आणि करून बघण्याची सवय वाया जात नाही. ती त्या कामातही चार पैसे जास्तच देते.

त्या मुलाने रंगवलेली एक शाळा मी मुद्दाम जाऊन पाहिली. भिंतीवर बे चा पाढा होता आणि प्रत्येक ओळीपुढे तेवढे बैल काढलेले. अगदी वहीत असायचे तसेच. त्याला गणित येत नाही, असं मी समजत होतो.

करून बघा

१. आठवडाभर निरीक्षणाची वही लिहा. रोज एकच नोंद, पण रोज.
२. घरातल्या किंवा गावातल्या एका कारागिराला भेटा. एक वस्तू करायला सामान किती, तास किती लागतात, विचारा आणि ताशी मजुरी काढा.
३. एखादी वस्तू दुकानात ठेवायची आहे. दुकानदार २५ टक्के घेतो आणि तुम्हाला हाती ३०० रुपये हवे आहेत. किंमत किती ठेवाल?
४. पालकांसाठी: मुलाच्या वहीची शेवटची पानं आज उघडा. काही बोलू नका. फक्त बघा आणि एक प्रश्न विचारा.